सोर्स कोड हातात, चावी कंपनीकडे

१९९९ साली अमेरिकेच्या बाजारात टिवो नावाची एक पेटी आली. ती टीव्हीला जोडली की चालू कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवून ठेवी, थेट प्रक्षेपण मधेच थांबवू देई, जाहिराती ओलांडून पुढे जाऊ देई. व्हिडिओ कॅसेटींची उस्तवार करून थकलेल्या घरांनी ती हौसेने घेतली. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या जिम बार्टन आणि माइक रॅमसे यांनी ही कंपनी काढली होती आणि पेटीच्या आत लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टिमचा गाभा, चालत असे. लिनक्स वापरायला पैसे पडत नाहीत, पण अट असते. ती जीपीएल या परवान्यात लिहिलेली आहे: प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला दिलीत तर तुम्ही केलेल्या बदलांसकट त्याचा सोर्स कोडही द्या, आणि तो बदलण्याची, वाटण्याची जी मोकळीक तुम्हाला मिळाली तीच घेणाऱ्याला मिळू द्या. टिवोने अट पाळली. कर्नलचा सोर्स कोड कोणालाही उतरवून घेता येत होता.

पहिल्या पेट्यांशी हौशी लोकांनी भरपूर खटपट केली, मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या, नव्या सोयी जोडल्या. पुढच्या मॉडेलांत कंपनीने दार लावून घेतले. कोडमधली एखादी ओळ बदलून, तो पुन्हा कंपाइल करून पेटीत घातला की पेटी चालेनाशी होई. नेमके काय अडे, बदललेला कर्नलच सुरू होत नसे की त्यावर चालणारा कंपनीचा बंदिस्त प्रोग्राम काम थांबवी, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. पण त्या प्रसंगाने जो प्रश्न उभा केला तो पेटीपेक्षा फार मोठा निघाला. परवान्याने दिलेला हक्क कागदावर शाबूत ठेवून यंत्राने तो काढून घेतला, तर त्या हक्काचे काय उरते? हे पुस्तक त्या एका प्रश्नाभोवती लिहिलेले आहे.

आधी हे कुलूप चालते कसे ते पाहू, कारण ते समजल्याशिवाय पुढचा वाद हवेत राहतो. यंत्र सुरू होताच चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याच्याजवळ कंपनीची सार्वजनिक चावी असते. पुढचा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, मेमरीत घेण्याआधी तो त्यावरची डिजिटल सही या चावीने तपासतो. सही जुळली तर बूटलोडर चालतो आणि तो याच रीतीने कर्नलची सही तपासतो. कर्नल त्यापुढच्या सिस्टिमची तपासतो. सही करण्यासाठी लागणारी खासगी चावी फक्त कंपनीच्या तिजोरीत. कोडमधला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी सही जुळत नाही आणि साखळी तिथेच तुटते. आज आपल्या खिशातला फोन, भिंतीवरचा टीव्ही, केबलवाल्याने दिलेला सेट-टॉप बॉक्स यांपैकी बहुतेकांत ही साखळी असते. त्यांपैकी बहुतेकांत लिनक्सही असतो.

ही साखळी चोरांना अडवते हे खरेच आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. फोन कोणी तासभर पळवून त्यात हेर प्रोग्राम घातला तर सही तपासणारा बूटलोडर तो पकडतो. तंटा तपासणीशी नाही. चोराला अडवणारे कुलूप मालकालाही अडवते तेव्हा तंटा सुरू होतो.

जीपीएलचा जन्म ज्या घटनेतून झाला तीत हाच तंटा दडलेला आहे, पण ती गोष्ट सांगताना तो सहसा निसटतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी बदलला होता, त्यामुळे कागद अडकला की ज्यांची छपाई रखडली त्यांच्या पडद्यावर निरोप येई आणि कोणीतरी उठून जाई. नव्या प्रिंटरबरोबर सोर्स कोड आला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण गुप्ततेचा करार केल्यामुळे त्याने द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी केलेली ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आणि जून १९९१ मध्ये दुसरी आवृत्ती, हा सगळा प्रवास तिथून सुरू होतो.

ही गोष्ट बहुधा सोर्स कोड न मिळाल्याची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती एका यंत्राची गोष्ट आहे. स्टॉलमन यांना कोड वाचायचा नव्हता, खोलीतला प्रिंटर नीट चालवायचा होता. समजा झेरॉक्सने कोड दिला असता आणि प्रिंटरने बदललेला प्रोग्राम चालवायला नकार दिला असता, तर कागद तसाच अडकून राहिला असता. त्या काळी असा नकार देणारी यंत्रे विरळ होती, म्हणून १९९१ च्या परवान्यात त्याविरुद्ध स्पष्ट कलम नाही. सोर्स कोड मिळाला म्हणजे यंत्र हाती आले, हे तेव्हा गृहीतच होते. तरीही तिसऱ्या कलमात एक बारीक उल्लेख आहे. सोर्स कोड म्हणजे काय हे सांगताना तिथे प्रोग्राम कंपाइल करणाऱ्या आणि यंत्रात बसवणाऱ्या स्क्रिप्टचाही समावेश केला आहे. त्या ‘बसवणाऱ्या’वर आज न्यायालयांत आणि वकिलांच्या लेखांत पानेच्या पाने खर्ची पडत आहेत.

कुलूप नसताना काय घडते याचे उदाहरण टिवोच्याच काळातले आहे. लिंकसिसने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती वायफाय राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना लिंकसिस विकत घेतली. त्याच सुमारास काही प्रोग्रामरांच्या ध्यानात आले की या राउटरमध्ये लिनक्स आहे आणि सोर्स कोड मात्र कुठेच दिलेला नाही. चिप ब्रॉडकॉमची, कोडचा बराचसा भाग बाहेरून करून घेतलेला, आणि विकत घेणाऱ्या सिस्कोला या साखळीची कल्पना नव्हती. दबाव आला, आणि २००३ मध्येच कोड प्रसिद्ध झाला. राउटर बदललेला कोड मुकाट्याने स्वीकारत होता. त्या कोडवर लोकांनी काम सुरू केले आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. २००४ पासून तो आजवर चालू आहे आणि शेकडो प्रकारच्या राउटरांवर बसतो. कंपन्यांनी ज्यांचे अपडेट कधीच बंद केले असे राउटर त्याच्या जोरावर सुरक्षित चालतात. एका स्वस्त घरगुती पेटीतून हे सारे निघाले, कारण परवान्याने कोड मागितला आणि यंत्राने वाट अडवली नाही. पुढे लिंकसिसने त्याच मॉडेलच्या नव्या आवृत्तीत लिनक्स काढून दुसरी सिस्टिम घातली, तेव्हा हौशी ग्राहकांसाठी लिनक्स असलेले डब्ल्यूआरटी५४जीएल हे मॉडेल वेगळे विकायला ठेवावे लागले. बदलता येणारे यंत्र हवे असणारे गिऱ्हाईक आहे, हे कंपनीलाच दिसले होते.

टिवोला उत्तर म्हणून जीपीएलची तिसरी आवृत्ती लिहायला घेतली गेली. अर्थात तेच एक कारण नव्हते, पेटंटपासून वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांपर्यंत बरेच विषय होते. पण गाजले ते हे. स्टॉलमन यांनी या प्रकाराला कंपनीच्या नावावरून ‘टिवोआयझेशन’, म्हणजे टिवोकरण, असे नाव दिले आणि ते चिकटले. वकील एबेन मॉग्लेन यांच्या साथीने पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये एमआयटीत मांडला गेला. त्यावर जगभर चर्चासभा झाल्या: ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे, स्पेनमध्ये बार्सिलोना, ऑगस्टमध्ये आपल्या बंगळूरच्या आयआयएममध्ये, नंतर टोकियोत. परवान्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून दीड वर्ष त्याची चिरफाड करू देणे, हे कायद्याच्या लेखनात क्वचितच घडते. या पुस्तकात त्या मसुद्यांना एक पूर्ण प्रकरण दिले आहे, कारण कुठला शब्द कोणाच्या आग्रहाने आला आणि कोणाच्या विरोधाने गेला, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

पहिल्या मसुद्यांत मागणी सरसकट होती: बदललेला प्रोग्राम चालवायला जी चावी लागते ती द्या. कंपन्यांनी विरोध केला. मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात ती ‘वापरकर्त्याच्या वस्तूं’पुरती मर्यादित झाली. वैयक्तिक, कौटुंबिक किंवा घरगुती वापराच्या वस्तू आणि घरात बसवण्यासाठी विकलेल्या वस्तू, अशी ही व्याख्या १९७५ च्या अमेरिकी वॉरंटी कायद्याच्या धर्तीवर बेतलेली आहे. अशी वस्तू विकताना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रोग्राम आत असेल, तर तो बदलून त्याच वस्तूत बसवण्यासाठी लागणारी सगळी माहिती द्यावी लागते, चाव्यांसकट. इथे लेखकांनी संयम राखला आहे. बदललेल्या यंत्राची वॉरंटी कंपनीने देत राहावी अशी सक्ती नाही. बदलामुळे नेटवर्कला खरोखर इजा होत असेल तर त्या यंत्राला नेटवर्कवरून दूर ठेवता येते. आणि प्रोग्राम चिपमध्ये असा कोरलेला असेल की खुद्द कंपनीलाही बदलता येत नाही, तर ही अटच लागू नाही. अट एवढीच, की कंपनीने स्वतःसाठी जे दार उघडे ठेवले ते मालकालाही उघडे हवे.

मला हे कलम न्याय्य वाटते. त्यात एक उणीव मात्र राहिली. कारखाने, दवाखाने, शेती यांची यंत्रे त्याच्या बाहेर पडली. उद्योगांना कुलूपबंद यंत्रे कोणी विकणार नाही, ते आपले हित स्वतः पाहतील, अशी तेव्हा समजूत होती. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या कंप्यूटरवर दुरुस्तीचा संदेश येताच हंगाम सोडून कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकची वाट पाहिली, आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला या प्रश्नावर जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. आपल्याकडे पाण्याची मोटार जळली की तालुक्याच्या गावातला रिवाइंडिंगवाला ती उघडतो, तांब्याची नवी तार गुंडाळतो आणि संध्याकाळी पाणी सुरू होते. मोटार बनवणाऱ्याची परवानगी कोणी विचारत नाही. ट्रॅक्टर, पंप, शीतगृह यांच्यात जसजसे सॉफ्टवेअर शिरते आहे तसतसा तो रिवाइंडिंगवाला आपोआप बाद होतो आहे, आणि याची चर्चा आपल्या शेतीच्या पानांवर अजून पुरेशी होत नाही.

तिसऱ्या आवृत्तीला सर्वांत वजनदार विरोध लिनस टोरवाल्ड्स यांचा होता. टिवोच्या पेटीत ज्यांचा कर्नल होता तेच म्हणाले की टिवोने काही चूक केलेली नाही. त्यांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे: मी सॉफ्टवेअर देतो, तुम्ही त्यात केलेले बदल मला परत द्या, एवढाच माझा सौदा. तुमचे हार्डवेअर तुमचे, त्याची रचना कशी असावी हे माझ्या परवान्याने सांगू नये. पेटी आवडत नसेल तर घेऊ नका. सप्टेंबर २००६ मध्ये कर्नलच्या अनेक प्रमुख विकासकांनी मसुद्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. टोरवाल्ड्स यांची सही त्यावर नव्हती, पण मत तेच होते. लिनक्स फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे हे त्यांनी २००० मध्येच नोंदवून ठेवले होते. शिवाय हजारो लोकांनी आपापल्या कोडचा हक्क स्वतःकडेच ठेवला असल्यामुळे पुढे मन बदलले असते तरी परवाना बदलणे जवळजवळ अशक्य होते.

प्रोग्रामर आणि प्रोग्रामर यांच्यातला व्यवहार म्हणून टोरवाल्ड्स यांचा सौदा प्रामाणिक आहे, आणि त्याच्यामुळेच लिनक्स इतका वाढला हेही मान्य केले पाहिजे. माझा आक्षेप असा, की या सौद्यात पेटी विकत घेणारा कुठेच नाही. बदल परत मिळाले की टोरवाल्ड्स यांचे काम झाले, पण ज्याने पैसे मोजले त्याच्या हाती पडला तो वाचता येणारा आणि चालवता न येणारा मजकूर. जीपीएलने पहिल्यापासून वचन दिले होते ते प्रत घेणाऱ्या प्रत्येकाला, फक्त मूळ लेखकाला नव्हे. ‘आवडत नसेल तर घेऊ नका’ हा सल्लाही बाजारात दहांपैकी दहा पेट्या बंद असल्या की कुचकामी होतो.

तिसरी आवृत्ती २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. पुढच्या दहा वर्षांत जगाने कोणाची वाट धरली हे सांगायला नको. ॲपलने तिसऱ्या आवृत्तीपासून चार हात दूर राहायचे ठरवले. मॅकमधला बॅश हा शेल ३.२ या आवृत्तीवर थिजला, कारण पुढची आवृत्ती नव्या परवान्याखाली होती, आणि २०१९ मध्ये कंपनीने झेडशेल हा मुख्य शेल केला. फाइल वाटपाच्या सांबा या प्रोग्रामने नवा परवाना घेतल्यावर २०११ मध्ये तो मॅकमधून गेला. जीसीसी या कंपायलरची जागा क्लॅंगने घेतली. ॲपस्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नसल्याने २०१० मध्ये ग्नू गो हा खेळ तिथून निघाला. व्हीएलसी प्लेअर जानेवारी २०११ मध्ये निघाला तो परवाना बदलूनच २०१३ मध्ये परतला. ॲंड्रॉइडने कर्नल तेवढा जीपीएलचा ठेवला आणि बाकी भाग शक्यतो सैल परवान्यांचे निवडले. म्हणजे कलम न्याय्य होते, पण त्याने कुलपे उघडली नाहीत. कंपन्या कलमापासून दूर सरकल्या. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूच्या लेखनात ही हार बहुतेक वेळा झाकली जाते, ती इथे झाकलेली नाही.

कुलपाला कायद्याचाही आधार मिळाला. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने तांत्रिक कुलूप फोडणे हाच गुन्हा केला. कंपनीने मंजूर न केलेले प्रोग्राम चालवण्यासाठी फोनचे कुलूप उघडायला २०१० मध्ये पहिली सूट मिळाली, आणि अशा सुटी दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. भारताचा कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. हेतू तसा नसेल आणि कायद्याने मना न केलेले काम करायचे असेल तर वाट मोकळी आहे. आपल्याच यंत्रात आपला प्रोग्राम बसवणाऱ्याला भारतात याचा आधार घेता यावा. हे आपल्याकडच्या वकिलांनाही फारसे माहीत नसते, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे. पण कायद्याने गुन्हा ठरत नाही म्हणून कुलूप उघडत नाही. गणित कायद्याला जुमानत नाही.

कुलपाची किंमत कशी मोजावी? सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ विकला तेव्हा त्यावर लिनक्स बसवण्याची सोय होती. विद्यापीठांनी त्यांचे संच जोडून स्वस्त महासंगणक उभे केले, अमेरिकी हवाई दलानेही केले. एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळता येईना. विकत घेताना असलेली गोष्ट विकल्यानंतर परत नेता येते, हे त्या दिवशी कळले. याहून गंभीर उदाहरण कॅरेन सँडलर यांचे आहे. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या त्या प्रमुख. हृदयाच्या विकारामुळे त्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर बसवलेला आहे. तो बसवण्याआधी त्यांनी त्याचा सोर्स कोड पाहायला मागितला आणि तो मिळाला नाही. गरोदरपणात हृदयाचे ठोके वाढणे स्वाभाविक असते, पण यंत्राला ते धोक्याचे वाटले आणि त्याने त्यांना गरज नसताना विजेचे झटके दिले. यंत्राची समज बदलणे शक्य नव्हते, म्हणून औषधे देऊन हृदयाचीच गती कमी करावी लागली. हे त्या स्वतः जाहीर व्याख्यानांत सांगत आल्या आहेत. ते ऐकल्यावर ‘हा प्रोग्रामरांचा हट्ट आहे’ असे म्हणणे मला तरी जमत नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये याला एक अगदी जवळचे कारण आहे. २०१० च्या आसपास स्वस्त ॲंड्रॉइड फोन भारतात येऊ लागले तेव्हा त्यांतल्या अनेकांवर मराठी वाचता येत नसे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई. उत्तर जगात नव्हते असे नाही. लिनक्सच्या संगणकांवर देवनागरी तोवर नीट दिसू लागली होती. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप मराठीत आणण्याचे काम मुंबई-पुण्यातले स्वयंसेवक आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीतले भाषांतरकार करत होते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. हे २००१ मध्ये सुरू झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे नेतृत्व करत होते. मुक्त प्रोग्राम हाताशी होते, फॉन्ट हाताशी होते, ते फोनच्या सिस्टिमच्या फोल्डरात ठेवण्याची परवानगी मात्र फोनच्या मालकाला नव्हती. त्यासाठी फोन रूट करावा लागे, म्हणजे कुलपातली एखादी फट शोधून आत शिरावे लागे आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागे. आपली लिपी आपल्या फोनवर कधी दिसावी हे दूरच्या कोणत्या तरी कचेरीच्या वेळापत्रकावर ठरत होते. कोट्यवधींची भाषा असल्यामुळे मराठीची पाळी अखेर आली. गोंडी, कोरकू, वारली या भाषांची पाळी अशी आपोआप येणार नाही. त्यांच्यासाठी कीबोर्ड, शब्दकोश, आवाज हे सारे कोणीतरी स्वतः तयार करून फोनमध्ये घालावे लागेल, आणि तेव्हा चावी कोणाकडे आहे हे महत्त्वाचे ठरेल.

सुरक्षितता आणि मालकी एकत्र नांदू शकत नाहीत, हे खरे नाही. गूगलच्या पिक्सेल फोनचा बूटलोडर मालकाला उघडता येतो, त्यात दुसरी सिस्टिम घालून स्वतःच्या चावीने तो पुन्हा बंदही करता येतो, आणि मग तपासणीची साखळी नव्या चावीने पहिल्यासारखी चालते. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये सिक्युअर बूट आले तेव्हा मोठी ओरड झाली. त्या दबावामुळे इंटेल जातीच्या संगणकांवर ते बंद करण्याची आणि स्वतःच्या चाव्या घालण्याची सोय राहिली. एआरएम चिपवरच्या विंडोज यंत्रांवर तेव्हा ती दिली गेली नाही. तंत्रज्ञान तेच होते, फरक निर्णयाचा होता. रेडिओ लहरींच्या नियमांचे कारणही असेच पुढे केले जाते. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने राउटरांसाठी नियम कडक केल्यावर टीपी-लिंक या राउटर कंपनीने बाहेरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रात बसवलेले सॉफ्टवेअर, सरसकट अडवले. २०१६ मध्ये एका वेगळ्या चुकीबद्दल दोन लाख डॉलरच्या तडजोडीत त्याच एफसीसीने कंपनीकडून मुक्त फर्मवेअरला वाट देण्यासाठी काम करण्याची हमी घेतली. रेडिओचा भाग बंद ठेवून बाकी राउटर मालकाला उघडा ठेवता येतो, हे नियामकानेच मान्य केले.

आता लढाई न्यायालयांत आहे आणि ती जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या आधाराने चालली आहे. जर्मनीत हाराल्ड वेल्टे यांनी २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून जीपीएल बंधनकारक असल्याचा निकाल मिळवला. अमेरिकेत बिझीबॉक्स या जीपीएलखालच्या प्रोग्रामच्या लेखकांनी २००७ पासून खटले भरले. बर्लिनमध्ये २०११ साली एव्हीएम या राउटर कंपनीने आपल्या यंत्रातले फर्मवेअर दुसऱ्याने बदलू नये अशी मागणी केली, तेव्हा जीपीएलचा भाग बदलण्यास तिला मनाई करता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला. या दाव्याचे वेगळेपण असे की वादी कोडचा लेखक म्हणून आलेला नाही. त्याने दुकानातून टीव्ही विकत घेतले आहेत आणि तो गिऱ्हाईक म्हणून कोड मागतो आहे. नुकसानभरपाई मागितलेली नाही. २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हा केवळ कॉपीराइटचा नव्हे तर कराराचाही प्रश्न आहे असे म्हणून खटला राज्याच्या न्यायालयात परत पाठवला. टोरवाल्ड्स यांच्या सौद्यात ज्याला जागा नव्हती तो पेटी विकत घेणारा इथे स्वतःच्या नावाने उभा आहे.

कुलपाविना यंत्र बनवता येते हे दाखवण्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी आणि कॉन्झर्व्हन्सी यांनी मिळून नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर काढला. त्यातले सॉफ्टवेअर कितीही बिघडवा, वेगळ्या मेमरीत राखून ठेवलेल्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करता येतो. मोठ्या कंपन्यांच्या उत्पादनापुढे अशा राउटरांची संख्या नगण्य असेल, पण ‘असे करणे शक्यच नाही’ हे उत्तर आता कोणाला देता येणार नाही.

पुढची प्रकरणे वाचताना घरातले एखादे यंत्र शेजारी ठेवा. टीव्ही किंवा राउटरच्या सेटिंग्जमध्ये शेवटी कुठेतरी ओपन सोर्स परवान्यांचे पान असते. त्यात लिनक्स कर्नल किंवा बिझीबॉक्सचे नाव दिसले तर दुसऱ्या आवृत्तीचा जीपीएल त्या यंत्राला लागू आहे. कंपनीने सोर्स कोड सोबत दिला नसेल तर तो पुरवण्याची लेखी तयारी तिने दाखवलेली असली पाहिजे, ती किमान तीन वर्षे टिकली पाहिजे, आणि कोड पाठवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाहून जास्त पैसे तिला घेता येत नाहीत. पत्र लिहा. मॉडेलचा क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती कळवा, पूर्ण सोर्स कोड मागा आणि कंपाइल करण्याच्या व यंत्रात बसवण्याच्या स्क्रिप्ट नावानिशी मागा, कारण पाठवताना नेमक्या त्याच वगळल्या जातात. उत्तर आले, अर्धवट आले किंवा आलेच नाही, तरी तारखेसह नोंद ठेवा. व्हिझिओवरचा दावा उभा राहण्याआधी कॉन्झर्व्हन्सीने असाच पत्रव्यवहार कित्येक महिने चालवला होता.